वळणाच्या बनाचा लिलाव

शनिवारी सकाळी सहा वीस ते आठ चाळीस या वेळात हन्नानं बनात जे मोजलं ते असं: करंज त्रेसष्ट, जांभळं एकोणीस, अर्जुन अकरा, उंबर सात, शिंदी एकशे बेचाळीस. बाभळी मोजायचं तिनं दोनशेनंतर सोडून दिलं, कारण पुढे चिखल मांडीपर्यंत होता आणि साडी काकूची होती. पक्ष्यांमध्ये ढोकरी अडतीस, चक्रवाक दोन, रातबगळ्यांची जुनी घरटी चोवीस, पाणकोंबड्या निदान पंधरा. लव्हाळ्यात शिरली की एकच पाणकोंबडी दोनदा मोजली जाते, म्हणून 'निदान'. माणसं आठ: गवत कापणाऱ्या निमोण्याच्या बाया सहा, म्हशी धुणारा एक आणि शिंदीचा रस काढणारा एक. दारूबंदीचे दिवस असल्यामुळे हा शेवटचा, आपण तिथं नाहीच अशा बेतानं, झाडाला पाठ चिकटवून उभा होता. हन्नानं त्याला मोजलं, पण वहीत 'इतर' असं लिहिलं.

मिशनच्या कागदावर या सगळ्याला एकच शब्द होता: पड.

ही चौदा एकरांची पड घोडनदीच्या जुन्या वळणात होती. नदीनं कधीतरी सरळ वाट धरली आणि वळण मागे राहिलं. त्यात पाणी राहिलं, गाळ राहिला, गाळावर झाडं आली. साठ वर्षांपूर्वी मिशनच्या कुणा साहेबानं भाताचा प्रयोग करायला ती जागा घेतली. प्रयोग पहिल्याच हंगामात वाहून गेला, साहेब मायदेशी गेला, आणि बन कुणाच्या लक्षात न राहिल्यामुळे शाबूत राहिलं. आता मिशन आवरतं घेत होतं. मुंबईच्या कमिटीचं पत्र आलं होतं, की ही पड जाहीर लिलावानं विकावी आणि येईल ती रक्कम शिरूरच्या ख्रिस्ती देवळाच्या छपराला लावावी. तिथल्या पाळकसाहेबांना जन्मात एकच जाहीर लिलाव ठाऊक होता, तो म्हणजे हंगामाच्या उपकारस्तुतीचा. त्यांनी जाहीर करून टाकलं, की येत्या रविवारी कोंबड्या आणि भोपळे झाले की लगेच बन.

हन्ना ही फिलिपची मुलगी, येशुदास मास्तरांची नात. त्या वर्षी, म्हणजे एकोणसाठ साली, ती पुण्याहून वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती आणि दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये नोकरीच्या पत्राची वाट बघत होती. वाट बघताना माणूस काहीतरी ठरवतो. तिनं बन विकत घ्यायचं ठरवलं. जवळ अकरा रुपये होते, म्हणून मग तिनं ते घरच्यांना विकत घ्यायला लावायचं ठरवलं.

दुपारी आबांच्या ओट्यावर घरचे जमले. आबा, म्हणजे येशुदास मास्तर, मिशनच्या सुतारशाळेत चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले. अजूनही कुठल्याही घरात शिरताना ते आधी दाराची बिजागरी बघत. त्यांची धाकटी बहीण दयाबाई. खेडोपाडी बायकांना बायबल वाचून दाखवण्यात तिचा जन्म गेला होता, आणि दुसऱ्याचं ऐकून घेण्याची हौस तिथंच कुठंतरी संपली होती. थोरला मुलगा फिलिप दौंडला मालधक्क्यावर हेड क्लार्क. धाकटा शलमोन बनाला लागून असलेलं सहा एकर कसायचा. त्याची बायको एलिझाबेथ चहा करत होती, म्हणजे सगळं ऐकत होती.

हन्नानं वहीतले आकडे वाचले आणि म्हणाली, "हे आपण घ्यायचं आणि आहे तसं ठेवायचं. तोडायचं नाही, उपसायचं नाही. कुणालाही आत येऊन बघता आलं पाहिजे."

"बघायचं काय?" शलमोननं विचारलं.

"बगळे."

"बगळं बघाया मानूस पैसं देऊन येनार?"

"पैसे न देता येणार, काका."

इतक्या लांबचा विचार शलमोननं केलेला नव्हता.

"म्हणजे चौदा एकर घ्यायचं आणि काहीएक करायचं नाही," दयाबाई म्हणाल्या. "फिलिपला जमेल. त्याला सराव आहे."

हन्नानं येताना एस.टी.त सगळ्या हरकतींची उत्तरं पाठ केली होती. एकही कामी आलं नाही. फिलिप म्हणाला, पोरीचं म्हणणं चुकीचं नाही. शलमोन म्हणाला, बांधाला बांध हाय, आपल्याकडंच आलेलं बरं. एलिझाबेथ आतून म्हणाली, बगळं तर बगळं. दयाबाई म्हणाल्या, माझ्या पेटीत तीनशे आहेत ते घ्या. पाच मिनिटांत सगळे एका मताचे झाले. प्रयोगशाळेत एखादं द्रावण पहिल्याच थेंबाला रंग बदललं असतं, तर हन्नानं नळी धुऊन पुन्हा सुरुवात केली असती. इथं ती नुसती आनंदून गेली.

"पान्याचं इंजिन मातर बाहेरनं आनावं लागंल," चहा ओतता ओतता एलिझाबेथ म्हणाली. "मोठं आनलं तर म्हयन्यात सुकंल."

"काय सुकेल, काकू?"

"बन."

शलमोननं बायकोकडे पाहिलं. "आगं, उगं आपलं कायतरी..."

"ऊस," फिलिप म्हणाला. "ऊस लावणार तू तिथं. मला वाटलंच. अरे, ती माती बघितलीस का कधी? विटेची माती आहे ती. दौंडला क्वार्टरं वाढताहेत, वॅगन भरभरून वीट जाईल. आणि भट्टीला बाभळी आहेतच, चार वर्षं सरपण बघायला नको."

"दादा! आत्ता तर म्हनलास, पोरीचं बराबर हाय!"

"बरोबरच आहे. आपण नाही घेतलं तर बाहेरचा घेईल, हे तिचं बरोबर आहे."

हन्ना दयाबाईंकडे वळली. "आत्याआजी, तुम्ही तरी..."

"माझं काही नाही बाई. मला फक्त एक कोपरा द्या. आपलं कब्रस्तान भरलंय. परवा सरूबाईला तिच्या सासूच्या पायाशी ठेवली. जन्मभर तिथंच होती बिचारी. मला करंजाखाली जागा पाहिजे."

"तिथं हातभर खणलं की पाणी लागतं."

"लागू दे. लहानपणी बाप्तिस्म्याला नुसतं शिंपडलं होतं, आता बुडवतील."

यावर फिलिप आणि शलमोन एकदम बोलायला लागले. पाण्याचा निचरा कुठून काढायचा इथून सुरुवात होऊन दोघं सुतारशाळेच्या ओंडक्यावरच्या जुन्या भांडणापर्यंत पोचले. तेवढा वेळ आबा कानावरची पेन्सिल काढून ओट्याच्या फळीतली फट मोजत होते. मग त्यांनी पेन्सिल परत कानावर ठेवली.

"उद्या काय ठरायचंय?" ते म्हणाले. "बन घ्यायचं का सोडायचं, एवढंच. घेतल्यावर भांडायला सगळं आयुष्य पडलंय. बोली मी बोलतो. बाकीच्यांनी देवळात तरी एका घरातले दिसा."

हे सगळ्यांना पटलं, कारण पुढच्या भांडणात आपणच जिंकणार याची प्रत्येकाला खात्री होती. हन्नाही त्याला अपवाद नव्हती.

संध्याकाळपर्यंत आबांचा उरलेला फंड, शलमोनच्या कांद्याचे पैसे, दयाबाईंची पेटी आणि फिलिपनं दौंडहून आणलेलं पाकीट असे एकवीसशे रुपये जमले. "हे तुझ्या लग्नाचे होते," फिलिप हन्नाला म्हणाला.

"एवढ्यात जो मिळाला असता," दयाबाई म्हणाल्या, "तोही पाणथळच निघाला असता."

उपकारस्तुतीच्या लिलावाची शिरूरच्या मंडळीत एक रीत होती. हंगामाचं पहिलं जे काही निघेल, म्हणजे बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, कोंबड्या, ते लोक वेदीसमोर आणून ठेवत. उपासना झाली की पाळकसाहेब एकेक वस्तू उचलून लिलाव करत. घेतलेली वस्तू कुणी घरी नेली तर त्याला कुणी काही म्हणत नसे, फक्त सगळे बघत. बरा माणूस पैसे भरी, हात वर करी आणि म्हणे, "परत देवाला!" मग तीच वस्तू पुन्हा लिलावाला येई. पैसे मात्र दर वेळी भरायचे. येशुदास मास्तर एकतीस वर्षं पहिला भोपळा घेत आले होते आणि एकतीस वर्षं परत देत आले होते. त्यांच्या घरी त्या दिवशी भोपळा कधी शिजला नाही.

त्या रविवारी देऊळ भरलं होतं. दाराशी, बाहेरून आलेल्यांच्या बाकावर, निमोण्याचे पाटील सोपानराव बसले होते. पन्नाशीचे, भरदार मिशांचे बागाईतदार. चाळीस म्हशींचं खटलं. त्यांना बन बाभळीसाठी हवं होतं आणि ते त्यांनी लपवलेलं नव्हतं. हन्ना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"पोरी," त्यांनी हळूच विचारलं, "ह्यो भोपळा तिसऱ्यांदा इकला जातुया, का माझीच नजर फिरली?"

"तिसऱ्यांदाच."

"आन् घेतला कुनी?"

"देवानं."

"त्यो शिजवतो कवा?"

हन्नाला हसू आवरायला चौकटीकडे तोंड करावं लागलं. तेवढ्यात एक अंडं चार रुपयांना गेलं आणि परत आलं. सोपानरावांनी ते बघितलं, मग आपल्या पागोट्याखालून डोकं खाजवलं. असल्या बाजारात भाव कसा काढतात याचा त्यांना काही केल्या अंदाज लागेना.

शेवटी पाळकसाहेबांनी मुंबईचं पत्र उचललं. "आता घोडनदीच्या वळणातली मिशनची जागा, एकर चौदा. बोला!"

"पाचशे," सोपानराव म्हणाले.

"सहाशे," आबा.

पुढची शंभरं पटापट गेली. पंधराशेच्या पुढे देवळात खोकणंही थांबलं. सतराशेला सोपानराव उठून उभे राहिले, एकोणीसशेला त्यांनी मागं वळून, दारातून बाहेर, आपल्या बैलगाडीकडे बघितलं.

"दोन हजार," आबा म्हणाले.

सोपानराव खाली बसले. "घ्या मास्तर. तुमची हौस दांडगी."

"दोन हजार एक वार," पाळकसाहेब म्हणाले. "दोन हजार दोन वार. दोन हजार तीन वार! येशुदास मास्तर!"

सगळं देऊळ सवयीनं आबांकडे वळलं, आणि आबांचा हात वर गेला.

"परत देवाला!"

हन्नानं जे पाहिलं ते असं, आणि याच क्रमानं: हात आधी वर गेला, शब्द नंतर आले, आणि त्यानंतर आबांनी मान वर करून आपल्या हाताकडे बघितलं. तोंड तसंच उघडं राहिलं. फिलिपचा चेहरा पांढरा पडला. बायकांच्या बाजूला एलिझाबेथनं पदर तोंडात धरला, आणि शेजारच्या बाईला वाटलं तिला भरून आलं. पाळकसाहेबांना तर खरोखरच भरून आलं होतं. कुणीतरी गीत सुरू केलं, टाळ्या पडल्या, आणि त्या गडबडीत पाळकसाहेबांनी डोळे पुसून, पंचवीस वर्षांच्या सवयीनं, तेच केलं जे ते भोपळ्याच्या बाबतीत करत.

"परत आलेली वस्तू! वळणातली जागा, एकर चौदा! बोला!"

घरच्यांकडे आता शंभर रुपये उरले होते.

"तीनशे," सोपानराव म्हणाले.

"शंभर," फिलिप उठून ओरडला. मग आपण काय बोललो ते कळून तो खाली बसला.

"तीनशे एक वार. दोन वार. तीन वार! सोपानराव!"

दोन हजाराचं बन तीनशेत पदरी पडलेले सोपानराव उठले. देऊळभर माणसं त्यांच्याकडे बघत होती. कुणाच्या डोळ्यांत राग नव्हता, दटावणी नव्हती. सगळे फक्त थांबले होते, दर वर्षी थांबत तसे. सोपानरावांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. वेदीसमोर तीनदा विकला गेलेला भोपळा अजून तसाच होता.

"च्यायला," ते पुटपुटले. मग त्यांनी घसा साफ केला. "मास्तरांनी दोन हजारांचं द्यावं आन् निमोण्याच्या पाटलांनी तीनशेचं घरी न्यावं व्हय? उद्या बाजारात तोंड दाखवायचं हाय मला. परत देवाला! पन एक हाय, पाळकसायेब. आमच्या बाया तिथं गवताला जात्यात, म्हशी पान्यावं जात्यात. कवाबी कुनाला आडवायचं न्हाई. कुनालाच."

"मान्य!" पाळकसाहेब म्हणाले, आणि त्यांच्या तोंडातून पुढचं आलंच, "परत आलेली वस्तू! बोला!"

कुणी बोललं नाही. लहान पोरांनीसुद्धा हात मांडीखाली घेतले. अकरा मिनिटांत चौदा एकरांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

उपासनेनंतर देवळामागच्या चिंचेखाली प्रीतिभोजन होतं. मटणाचं कालवण, भात, आणि मंडळीच्या सगळ्या बायका एलिझाबेथभोवती.

"असं सासर मिळायला नशीब लागतं," बयाबाई तिला म्हणत होत्या. "दोन हजार! असं उचललं आणि दिलं!"

"आमच्यात तसंच हाय," एलिझाबेथ म्हणाली. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. चौथ्यांदा म्हणाली तेव्हा तिनं पदर सावरला. जेवण संपेपर्यंत ती आणखी सात बायकांना तेच सांगून आली, आणि तिच्या चालीत फरक पडला होता.

चिंचेच्या दुसऱ्या बाजूला फिलिप बापाला विचारत होता, "आबा, केलंत काय हे?"

"केलं नाही रे. झालं."

"माझे सातशे होते त्यात! हिच्या लग्नाचे!"

"माजं कांद्याचं," शलमोन म्हणाला. "दादा, आपुन दोघं मिळून पाळकसायबाकडं जाऊ. ऊस न्हाई, वीट न्हाई, आदी बन तरी हातात येऊ दे."

अशी वीस तासांत दोघा भावांची पहिल्यांदा युती झाली. ती फार तर पाऊण तास टिकली, कारण पाळकसाहेबांनी दोघांना बघताच शलमोनच्या खांद्यावर हात ठेवला आणि जाहीर केलं, की मंडळीच्या पंचांमधल्या रिकाम्या जागेवर, आजच्या दिवशी, या घराण्यातलाच माणूस शोभेल. लोकांनी शलमोनला सलाम केले. शलमोन, जो आयुष्यात कधी दुसऱ्या बाकाच्या पुढे बसला नव्हता, हात जोडून उभा राहिला आणि कशासाठी आलो होतो ते विसरला.

फिलिप विसरला नाही. पाळकसाहेबांनी त्याचं नीट ऐकून घेतलं. "खरेदीखतावर देवाचं नाव घालता येत नाही," ते म्हणाले, "मंडळीचं घालावं लागेल. तेव्हा सभा घ्यायचीच आहे. देणाऱ्यानं सभेत उठून सांगावं की चुकून बोललो. मंडळी विचार करील." मग त्यांनी ठरावाचा मसुदा लिहायला हन्नाला बोलावलं, कारण तिचं अक्षर चांगलं होतं.

हन्नानं सोपानरावांची अट लिहून घेतली. लिहिता लिहिता तिनं विचारलं, "झाडं तोडली तर म्हशी दुपारच्या बसणार कुठं?"

"खरं हाय," सोपानराव म्हणाले. बाभळी हातच्या गेल्यामुळे ते आता उदार झाले होते. "लिव्ह. झाड तोडू नये."

"आणि पाणी उपसलं तर?"

"त्येबी लिव्ह. खांदूबी नये, लिव्ह. आजून काय ऱ्हायलंय?"

"बास," हन्ना म्हणाली. तिला हवं होतं ते सगळं चार ओळींत बसलं होतं.

कागद वाळवत ती विहिरीकडे आली, तर आबा कठड्यावर एकटे बसलेले. त्यांनी तिला शेजारी बसवलं.

"तू बघत होतीस ना माझ्याकडे? काय दिसलं?"

"हात आधी गेला. मग तुम्ही बोललात. मग हाताकडे बघितलंत."

"बरोबर." त्यांनी तो हात मांडीवर उपडा ठेवला. "रंधा मारताना हात आपोआप पुढे जातो, तसा गेला. देवाला द्यायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं, हन्ना. आणि ते माझं एकट्याचं नव्हतं. पोरांच्या पैशानं मी दानशूर झालो. लोक पाया पडायला बघताहेत. सभेत उठून सांगतो."

हन्नाच्या हातात ठराव होता. "आबा," ती म्हणाली, "काही बोलू नका."

"का?"

"तुम्ही बोललात तर बन घरात येईल, आणि मग भट्टी नाहीतर ऊस. नाही बोललात तर ते राहील. सगळं. घरटी, अर्जुन, सगळं."

"आणि खोटं?"

"गप्प बसणं म्हणजे खोटं नाही."

आबांनी तिच्याकडे वळून बघितलं. लहानपणी त्यांनीच तिला फूटपट्टी धरायला शिकवली होती. डोळा रेघेच्या नेमका वर पाहिजे, कडेनं बघितलं की माप चुकतं, असं शेकडो वेळा सांगितलं होतं.

"हे तुला पुण्याला शिकवलं?"

"नाही," हन्ना म्हणाली. "काल दुपारी. ओट्यावर."

आबा हसले. "बरं," ते म्हणाले, आणि उठून देवळाकडे गेले. 'बरं' म्हणजे नेमकं काय, हे विचारायचं हन्नाला सुचलं नाही.

सभा तीन वाजता भरली. मतं फक्त शिरूरच्या सभासदांची. फिलिप आणि हन्ना यांची नावं दौंडच्या मंडळीत होती. पाळकसाहेब म्हणाले की त्यांनी मागच्या बाकावर प्रेमानं बसावं. मग त्यांच्या लक्षात आलं, की हात मोजायला तिऱ्हाईत माणूस पाहिजे, आणि मोजायची आवड असलेली मुलगी समोरच आहे. हन्नाला वेदीजवळ उभं केलं. तिथून तिला सगळे दिसत होते, फक्त काही करता येत नव्हतं.

ठराव वाचून झाला, की वळणातलं बन मंडळीनं आपल्या नावावर ठेवावं. झाड तोडू नये, पाणी उपसू नये, जमीन खणू नये, विकू नये. आणि येणाऱ्या कोणासही अडवू नये.

आबा उठले.

"मला सांगायचंय," ते म्हणाले. "मी ते चुकून बोललो. सवयीनं. माझ्या मनात दान नव्हतं. पैसे माझ्या मुलांचे आणि बहिणीचे होते. बन त्यांचं आहे. ते त्यांना परत द्यावं, अशी माझी विनंती आहे."

हन्नानं कागद मुठीत धरला. मग मागून हुंदका ऐकू आला. बयाबाई.

"ऐका," त्या म्हणत होत्या, "एवढं दिलं, आणि म्हणतोय मी काही दिलंच नाही!"

"तसं नाही बयाबाई," आबा म्हणाले. "मी खरंच..."

"मास्तर," पाळकसाहेब म्हणाले, "तुमची नम्रता आम्हाला काय आजची माहीत आहे?"

"नम्रता नाही हो, चूक आहे!"

"असंच बोलणार तुम्ही."

"आबा खरं बोलताहेत!" मागच्या बाकावरून फिलिप ओरडला. "शब्द न् शब्द खरा आहे!"

"बघा," पाळकसाहेब मंडळीला म्हणाले, "दौंडला राहूनही मुलाची बापावर किती श्रद्धा आहे."

आबा अजून उभेच होते. त्यांनी आणखी दोनदा सांगून बघितलं. जितकं स्पष्ट सांगावं तितके लोक जास्त डोळे पुसत होते. शेवटी ते खाली बसले.

"ठरावाच्या बाजूनं हात वर," पाळकसाहेब म्हणाले.

हात वर आले. शलमोनचा हात गुडघ्यावरच होता. हन्नाला दिसलं, की बायकांच्या बाजूनं एलिझाबेथनं त्याच्याकडे एकदाच बघितलं, आणि होणाऱ्या पंचाचा हात वर गेला. तिचा आधीच वर होता. राहिल्या दयाबाई. त्यांनी हन्नाकडून ठरावाचा कागद मागवून, डोळ्यांजवळ नेऊन 'खणू नये' हे शब्द स्वतः वाचले आणि कागद परत दिला.

"म्हणजे वीट नाही, ऊसही नाही आणि मीही नाही," त्या शेजारणीला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाल्या. "चालेल. मला नाही तर कुणालाच नाही." आणि त्यांनी हात वर केला.

हन्नानं पुरुषांच्या बाजूनं मोजायला सुरुवात केली, मग बायकांच्या. मग उलटीकडून पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा आकडा तोच आला.

"विरुद्ध कोणी?" पाळकसाहेबांनी रीत म्हणून विचारलं आणि ते वही मिटायला लागले.

पहिल्या बाकावर एक हात वर येत होता. सावकाश, कोपरापासून, कुणाची चूक होऊ नये असा सरळ. पाळकसाहेब थांबले. हन्नानं त्या हाताकडे नेमकं समोरून बघितलं, कागदावर लिहिलं, आणि मग तिनं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"हजर सभासद अठ्ठावन्न. बाजूनं सत्तावन्न. विरुद्ध एक, येशुदास मास्तर."